आजींना घड्याळाचं चित्र काढायला सांगण्याआधी

स्मृतिभ्रंशाच्या चाचणीचा कागद पुढे करण्याआधी आजींना विचार: किती शिकलात, कुठल्या भाषेतून? गोव्यात १९६१ पूर्वी शाळेच्या वयात असलेली कुणी पोर्तुगीजमधून शिकली, कुणी मराठीतून, आणि सत्तरी-पेडण्याकडच्या कितीतरी बायकांनी शाळा पाहिलीच नाही.

'मोका' या स्मृती-आकलन तपासणाऱ्या चाचणीत शिक्षण १२ वर्षे किंवा कमी असेल तर ३० पैकी एक गुण वाढवून देतात. निरक्षर आजींना त्याने काय होणार? हातात कधी पेन न धरलेल्या बाईला घनाकृतीचं चित्र जमलं नाही, एवढ्यावरून स्मृतिभ्रंश ठरवू नकोस. १०० मधून सात-सात वजा करणं हेही शाळेतलंच. ग्रामीण निरक्षर वृद्धांसाठी बेतलेल्या हिंदी चाचणीत वार उलटे म्हणायला सांगतात, ते मला जास्त न्याय्य वाटतं.

तारीख विचारल्यावर "आज संकष्टी" असं उत्तर आलं तर जसंच्या तसं लिही. आठवतील तितक्या प्राण्यांची नावं सांगताना गाडी चार-पाचवर अडली, तर चाचणी संपल्यावर मासळीची विचार. बांगडो, तारली, इसवण, लेपो अशी माळ लागली तर त्याचीही नोंद कर. पण अधिकृत गुणांत ती मिसळू नकोस, नाहीतर तुलना कशाशी करणार?

आणि सुनेशी वेगळं बोल, हे सगळ्यात महत्त्वाचं. मासळीवालीचे सुटे पैसे चुकतात का? हुमणात, म्हणजे माशाच्या कालवणात, मीठ दोनदा पडतं का? गेल्या वर्षी असं होत होतं का? हो, कान आणि मोतीबिंदू आधी तपासून घे.