ई-पुस्तक घेताना आधी फाईल बघ

ई-पुस्तकं घ्यायला सुरुवात केलीस, छान. पण पैसे भरण्याआधी एक बघ: फाईल डाउनलोड करून दुसऱ्या ॲपमध्ये उघडता येते का? येत नसेल, तर तुझे पैसे नुसत्या वाचायच्या परवानगीसाठी जातायत. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-बुक दुकान बंद केलं, तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पण पुस्तकं गेली ती गेलीच. मला हे अजिबात पटत नाही.

म्हणून शक्य तिथे डीआरएम, म्हणजे कंपनीचं डिजिटल कुलूप, नसलेली ईपब (ई-पुस्तकांचा एक खुला फॉरमॅट) फाईलच घे. तिची एक कॉपी करून नावाच्या शेवटचं ‘ईपब’ बदलून ‘झिप’ कर आणि उघड. आत साधी एचटीएमएल पानं, चित्रं, मुखपृष्ठ, सगळं मोकळं दिसेल. अशी फाईल कुठल्या एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नसते. पुस्तकं नीट लावून ठेवायला कॅलिबर हे कम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर वापर. मोफत आहे आणि उत्तम आहे.

क्लाउडवर बॅकअप असला तरी एक प्रत हार्ड डिस्कवर ठेवच. अधूनमधून इंटरनेट बंद करून त्यातली दोन-चार पुस्तकं उघडूनही बघ. ई-रीडर कुठलाही चालेल, यूएसबीने ईपब फाईल टाकून ती उघडता आली की झालं.