मिलीबगमधला 'बग' आणि मुलाच्या संगणकातला 'बग'

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. यंदा मिलीबग या किडीने फार छळलं. थोरला मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्या फोनवर रोज 'बग सापडला', 'बग काढला' हेच चालू असतं. प्रोग्राममधल्या चुकीला ते बग म्हणतात. तो म्हणतो, पूर्वी एका संगणकात खरोखर किडा सापडला आणि तिथून हा शब्द आला. हे खरं का? माझा बग आणि त्याचा बग एकच का? माझ्या आईला तर वाटतं, बग हा आपल्या बागुलबुवाचाच कोणीतरी असणार. – एक द्राक्ष बागायतदार

उत्तर : तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. उच्चार जुळतो म्हणून बग आणि बागुलबुवा यांचं नातं जोडता येत नाही, पण अर्थाच्या बाबतीत त्या अगदी बरोबर जागी पोचल्या आहेत. इंग्रजीत 'बग' आधी भीतीचा शब्द होता, किड्याचा नंतर झाला.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस जॉन विक्लिफ या इंग्रज धर्मसुधारकाच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणलं. त्यात 'बग' येतो तो भोपळ्याच्या वेलींच्या मळ्यात उभ्या केलेल्या चिंध्यांच्या माणसासाठी. म्हणजे आपलं बुजगावणं! गुरं-पाखरं बुजावीत म्हणून उभं केलेलं ते बुजगावणं, आणि तिकडे तोच बग. पुढे 1535 मध्ये माइल्स कव्हरडेलच्या भाषांतरात 91व्या स्तोत्रात भक्ताला धीर दिला आहे की रात्रीच्या 'बगां'ना भिण्याचं कारण नाही. हे बग ढेकूण नव्हेत, भुतंखेतं आहेत. या एका शब्दामुळे ते भाषांतर पुढे 'बग बायबल' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. 1611च्या किंग जेम्स बायबलमध्ये त्या जागी साधा 'रात्रीची दहशत' अशा अर्थाचा शब्द आला. शेक्सपिअरचा हॅम्लेटही बग आणि गॉब्लिन हे शब्द एका दमात उच्चारतो. मुलांना भिववायला इंग्रज आया आजही 'बोगीमॅन'चं नाव घेतात, आणि उगाच मानगुटीवर बसलेल्या भीतीला 'बगबेअर' म्हणतात.

किड्याचा अर्थ सतराव्या शतकात रुळला आणि लवकरच तो एका किड्याला चिकटला : ढेकूण. काही कोशकार इथे भुंगेऱ्यासाठी असलेल्या एका जुन्या इंग्रजी शब्दाचाही हातभार मानतात. 1730 साली लंडनमध्ये जॉन साउथॉल नावाच्या माणसाने 'बगां'वर एक पुस्तिकाच छापली. तो ढेकूण मारण्याचा धंदा करायचा, आणि त्याच्या पुस्तिकेतला बग म्हणजे निव्वळ ढेकूण. अमेरिकेत मात्र हा शब्द सैल होत गेला आणि कुठलाही सरपटणारा-उडणारा किडा बग झाला.

मी साताऱ्याला आजीच्या घरी वाढले. उन्हाळ्यात बाजा अंगणात काढून आपटायच्या, सांध्यांतून रॉकेल सोडायचं, आणि तरी रात्री कंदील लावला की उशीखालून ते तांबडे चपटे जीव पळायचे. त्यामुळे रात्रीच्या भुताचं नाव ढेकणाला मिळालं, याचं मला कधी नवल वाटलं नाही.

पुढे तीस वर्षं कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवलं आणि तिथे कळलं की मराठीने हीच वाट स्वतःच्या पायांनी तुडवली आहे. शास्त्रात प्रत्येक किडा बग नसतो. हेमिप्टेरा गणातले, सोंडेसारखं तोंड खुपसून रस किंवा रक्त शोषणारे, तेवढेच खरे बग. आणि आपला शेतकरी काय म्हणतो? अंथरुणातला तो ढेकूण. कपाशीवरचा तो लाल ढेकूण. कोकणात काजूचा मोहोर करपवणारा तो ढेकण्या. आणि तुमचा मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण. ज्यांनी हेमिप्टेराचं नाव कधी ऐकलं नव्हतं, त्यांनी नुसत्या नजरेने ही भावकी ओळखली. वर्गात मी हे दरवर्षी सांगायचे आणि सांगताना दरवर्षी मला भरून यायचं. म्हणून एक विनंती : बागेत 'मिलीबग' म्हणा, पण 'पिठ्या ढेकूण' विसरू नका. त्या नावात त्याचं पीठही आहे आणि सोंडही.

आता मुलाची गोष्ट. ती घडली आहे, पण शब्द तिथून आलेला नाही. 9 सप्टेंबर 1947 रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या 'मार्क टू' या संगणकात बिघाड झाला. खोलीएवढं ते यंत्र रिलेंवर, म्हणजे विजेने उघडझाप करणाऱ्या कळांवर चालायचं. 70 क्रमांकाच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो काढून नोंदवहीत चिकटपट्टीने डकवला आणि शेजारी लिहिलं की बग सापडल्याची ही पहिली खरीखुरी घटना. ते पान, पतंगासकट, आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. गणितज्ञ ग्रेस हॉपर ही हकिगत व्याख्यानांतून रंगवून सांगत, त्यामुळे ती त्यांच्या नावावर पडली. पतंग काढणारे हात मात्र त्यांच्या सहकाऱ्यांचे होते.

मुलाला त्या नोंदीतला 'खरीखुरी' हा शब्द दाखवा. यंत्रातल्या दोषाला ते आधीपासून बग म्हणतच होते, म्हणून तर खरा किडा सापडल्यावर त्यांना एवढी मौज वाटली. थॉमस एडिसनने 1878 सालच्या पत्रांत नव्या यंत्रातल्या बारीकसारीक दोषांना बगच म्हटलं आहे, म्हणजे या पतंगाच्या जवळजवळ सत्तर वर्षं आधी. आणि कीटकशास्त्राची शिक्षिका म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही : तो पतंग बग नव्हताच. पतंग फुलपाखरांच्या गणातला, हेमिप्टेरातला नव्हे.

अमेरिकेतली 'लेडीबग'ही तशीच. इंग्लंडमध्ये तिला लेडीबर्ड म्हणतात. त्यातली लेडी म्हणजे येशूची माता मेरी. ती ना बग, ना पाखरू. तो भुंगेरा आहे, आपला ढालकिडा, आणि बग हे त्याचं खाणं आहे. तो मावा खातो, पिठ्या ढेकूणही खातो.

हे शेवटचं तुमच्या कामाचं. पिठ्या ढेकणासाठी बागेत सोडतात तो क्रिप्टोलिमस याच ढालकिड्यांच्या कुळातला. त्याची अळी पांढरी, मेणाच्या धाग्यांनी झाकलेली, थेट पिठ्या ढेकणासारखी दिसते. ओलांड्यावरची, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरची सुटी साल काढताना मजूर तिलाच कीड समजून चिरडतात. मी माझ्या डोळ्यांनी बागांतून हे पाहिलंय आणि जीव कळवळलाय. पिठ्या ढेकणाची वाढलेली मादी एका जागी थिजल्यासारखी बसते. ही अळी तिच्याहून मोठी होते आणि चपळपणे फिरते. साल काढायला सुरुवात करण्याआधी मजुरांना एकदा ती हातावर घेऊन दाखवा. आणि वेलीच्या खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर तिच्यामागे जा. ढेकणांच्या चिकट गोड स्रावासाठी मुंग्या त्यांना राखतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावतात. आधी मुंग्या आवरा, मग क्रिप्टोलिमस सोडा, आणि तो बागेत आहे तोवर कडक फवारणी टाळा.