पुराच्या रेघा असलेलं घर

‘भाऊ घर विकायला तयार नाही. नोटीस पाठवू का?’ हा प्रश्न घेऊन माझ्याकडे महिन्यातून एखादं तरी माणूस येतं. घरातले असे वाद मी मध्यस्थ म्हणून सोडवते. वकिलाचा नंबर बहुतेकांनी आधीच घेऊन ठेवलेला असतो. त्यांना मी सांगलीच्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे. ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत.

गावभागातलं वडिलांनी बांधलेलं दुमजली घर. वडील मृत्युपत्र न करता गेले, मागोमाग काही वर्षांनी आईही गेली. दादा त्याच घरात राहतात, धाकटा पुण्यात, बहीण बेळगावला दिलेली. धाकट्याला घर विकायचं होतं, दादांना नाही. आईचं वर्षश्राद्ध झालं आणि दोघांचं बोलणंच बंद झालं.

पहिल्या बैठकीत मी कायद्यापासून सुरुवात केली. घर वडिलांच्या स्वकष्टाचं, दोघंही आईवडील गेलेले, म्हणजे हिंदू वारसा कायद्यानुसार तिघांचा सारखा तिसरा हिस्सा. बहिणीचं लग्न झालं म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही. कुणी आपला हिस्सा विकायला काढलाच, तर कलम २२ प्रमाणे तो विकत घेण्याचा पहिला हक्क बाकीच्या वारसांचा. सगळं बरोबर होतं, पण वेळ चुकली. दादा उठून उभे राहिले. “म्हणजे आईची दहा वर्षं केली, त्याची किंमत शून्य!” धाकटा म्हणाला, “आणि मी दर महिन्याला पैसे पाठवत होतो, ते कुणाच्या हिशेबात?” बहीण खाली मान घालून बसली होती.

मग मी तिघांना वेगवेगळं भेटले आणि प्रत्येकाला एकच विचारलं: हे घर गेलं तर तुमचं नेमकं काय जाईल?

दादा आधी म्हणाले, आईची खोली. बऱ्याच वेळाने म्हणाले, “साठीला आलो. आता भाड्याच्या घरात जायचं?” धाकटा ‘काहीच नाही’ म्हणाला, आणि मग, “तिथं माझं काही उरलंच नाही, हेच टोचतं.” बहीण, म्हणजे अक्का, तर रडलीच. दोन्ही भावांनी तिला स्वतंत्र फोन करून हक्कसोडपत्रावर ‘तू फक्त सही कर’ सांगितलं होतं. “मला पैसे नकोत हो. पण मला विचारा तरी!”

इथे बहिणींना कळकळीने सांगते. माहेर तुटेल या भीतीने सही करू नका. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नंतर मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. हिस्सा सोडायचाच असेल तर समजून, स्वतःच्या मनाने सोडा.

तिसरी बैठक त्या घरातच घेतली. दाराच्या आतल्या भिंतीवर पेन्सिलीने तीन रेघा होत्या: २००५, २०१९, २०२१. कृष्णेचं पाणी जिथवर चढलं, त्या खुणा. वहिनी चहा घेऊन आल्या. तोच प्रश्न मी त्यांनाही विचारला. त्या ट्रे हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

“घर गेलं तर चिखल जाईल. २०१९ ला पाणी उतरल्यावर फावड्याने चिखल ओढला मी. धान्य, गाद्या, पोरांचे फोटो, सगळं टाकलं. दोन वर्षांनी परत तेच. ह्यांना आईंची खोली दिसते, मला ती रेघ दिसते. आणखी एक पूर मला नको.”

दादांनी हे लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं होतं. तीन वारसांचं भांडण आम्ही महिनाभर सोडवत होतो, आणि ते घर जिने खांद्यावर पेललं ती वारसांच्या यादीतच नव्हती. तिला आधी न विचारणं ही माझी चूक, आणि त्यानंतर एकाही कुटुंबात मी ती केलेली नाही.

पुढचं त्या मानाने सोपं गेलं. घर विकायचं ठरलं. आईच्या आजारपणाचा आणि डागडुजीचा खर्च आधी बाजूला काढायचा, धाकट्याने पाठवलेले पैसे त्यातून वजा करायचे. आकडा अक्काने दोघांच्या वह्या घेऊन बसून काढला. उरलेल्याचे तीन सारखे भाग. दादांना विश्रामबागेत फ्लॅट मिळाल्यावरच घराचा ताबा द्यायचा. वहिनींच्या कष्टाचा आकडा कुणालाच काढता आला नाही. अक्काने एकच अट घातली: नव्या फ्लॅटवर पहिलं नाव वहिनीचं.

तेव्हा नोटीस पाठवायची तर नंतर पाठवा. आधी तो प्रश्न विचारा, आणि त्या घरात रोज केर काढणाऱ्या बाईलाही विचारा.

खरेदीखत झालंय. यंदाच्या भाऊबीजेला अक्का विश्रामबागेत येणार आहे. धाकट्याला दादांनी स्वतः फोन केला; तो ‘बघतो’ म्हणालाय.