'किनशिप'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: 'किनशिप'साठी 'नातेसंबंध' हा प्रतिशब्द सगळीकडे चालेल का?

नाही चालणार. 'नातेसंबंध' आता इतका सैल झालाय की नवराबायकोच्या कुरबुरींपासून ऑफिसातल्या हेव्यादाव्यांपर्यंत काहीही त्यात बसते. मानवशास्त्रात किनशिप म्हणजे जन्माने किंवा लग्नाने जडलेले आणि समाजाने मानलेले नाते. तिथे 'आप्तसंबंध' बरा. सगळी घडण सांगायची असेल तर 'नातेव्यवस्था'.

नुसत्या 'नाते'लाही जपून वापरावे लागते. 'बापाच्या नात्याने' बोलणारा स्वतः बाप असतो, 'बापाच्या नात्यातला' मात्र चुलता किंवा आतेभाऊ. पहिल्यात नाते म्हणजे भूमिका, 'अध्यक्ष या नात्याने'मधल्यासारखी.

बोलीत तर किनशिपचे सरळ दोन भाग पडतात: भावकी आणि सोयरे. भावकी म्हणजे एका मूळ पुरुषापासून वाढलेली घरे. आडनाव बहुधा एक, सुतक एक, बांधही लागून. सोयरे म्हणजे लग्नाने जोडलेली घरे. चुलतभाऊ भावकीतला, मामा, मेहुणा, व्याही सोयऱ्यांतले. भावकीत सोयरीक होत नाही, मामाच्या घरी मात्र अनेक समाजांत पुन्हा जुळते. अनुवादात हमखास होणारी चूक म्हणजे किनशिपला 'भाऊबंदकी' म्हणणे. भाऊबंद म्हणजे ती माणसे. भाऊबंदकी हे त्यांचे भांडण!

'सगेसोयरे' ही जोडी एरवी ढोबळपणे 'सगळे नातेवाईक' अशीच वापरली जाते. मराठा आरक्षणाच्या वादात राज्य सरकारच्या २६ जानेवारी २०२४च्या अधिसूचनेच्या मसुद्याला तिची व्याख्या करावी लागली: वडील, आजोबा, पणजोबा आणि त्यापूर्वीच्या पिढ्यांत जातीतल्या लग्नांतून झालेले नातेवाईक. म्हणजे वजन सोयऱ्यांवर.

कायद्यात शब्द आणखी काटेकोर होतो. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातले 'सपिंड' नाते, म्हणजे ज्यात एरवी लग्न चालत नाही असे जवळचे नाते, आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्या वर मोजतात. इथे बरेच जण चुकतात, कारण मोजणी स्वतःपासून सुरू होते: आपण पहिली पिढी, वडील दुसरी. मामेबहीण या मोजणीत सपिंडच ठरते; तिच्याशी लग्न चालते ते रूढीला कायद्याने दिलेल्या सवलतीमुळे.

रुग्णालयाच्या अर्जावरच्या 'नेक्स्ट ऑफ किन'ला 'वारस' लिहू नये. वारसाचा संबंध मालमत्तेशी. तिथे 'जवळचे नातेवाईक' पुरे.

आणि परक्या माणसाबद्दल वाटणारी 'किनशिप'? तिला नाते जोडायची गरजच नाही, 'आपुलकी' म्हणा.