वीस वर्षं जुनं मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, स्वस्तात मिळतंय. दुरुस्तीला पुढे किती खर्च येईल?

इंजिनाची काळजी सगळेच करतात, पण जुन्या मोटरहोमचा खरा शत्रू पाणी. छताचे सांधे, खिडक्यांच्या कडा, वरचं हवेचं व्हेंट इथलं फटी बुजवणारं सीलंट ऊन-पावसाने तडकतं आणि ओल भिंतीत शिरते. आतली लाकडी चौकट कुजत जाते, बाहेरून मात्र काही दिसत नाही. म्हणून कपाटांचे कोपरे आणि पलंगाखालची जमीन बोटाने दाबून बघा. मऊ लागली, कुबट वास आला किंवा बाहेरचा पत्रा फुगलेला दिसला, तर सौदा सोडा. कुजलेली भिंत उघडून पुन्हा बांधायचा खर्च कधी कधी गाडीच्या किमतीलाही मागे टाकतो. सीलंट वेळेवर बदलणं त्यामानाने अगदी किरकोळ काम आहे, वर्षातून दोनदा छतावर चढून बघाच.

टायरची नक्षी बघून फसू नका. ही गाडी उभीच जास्त असते, त्यामुळे रबर झिजण्याआधी म्हातारं होतं. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असेल तर त्याचे शेवटचे चार आकडे बघा: ३२१८ म्हणजे २०१८ सालचा ३२वा आठवडा. सहा-सात वर्षांपुढचे टायर बदलायचेच, हा खर्च किमतीत धरा.

गाडीतल्या राहायच्या भागाची बॅटरी, पाण्याचा पंप, फ्रिज यांचा खर्च टप्प्याटप्प्याने येतो, तो झेपतो. गॅसची नळी आणि रेग्युलेटर मात्र पहिल्या प्रवासाआधीच जाणकाराकडून तपासून घ्या.