साहित्याच्या अभ्यासातून वंशवादाला खरंच विरोध करता येतो का?

येतो की! एरिक आउअरबाख यांचंच बघा. जर्मनीतल्या मारबुर्ग विद्यापीठात साहित्याचे प्राध्यापक होते; नाझी राजवटीत ज्यू म्हणून १९३५ मध्ये नोकरी गेली, पुढच्या वर्षी इस्तंबूल गाठलं. तिथे १९४२ ते १९४५ या काळात ‘मिमेसिस’ हे युरोपीय साहित्यावरचं पुस्तक लिहिलं.

पहिल्याच प्रकरणात एकीकडे प्राचीन ग्रीक कवी होमर: म्हातारी दाई पाय धुताना जुन्या व्रणावरून काव्याचा नायक ओडिसियसला ओळखते. दुसरीकडे हिब्रू बायबलमधला, म्हणजे ख्रिस्ती ज्याला ‘जुना करार’ म्हणतात त्यातला, अब्राहाम: मुलाचा बळी द्यायला निघालेला, तीन दिवसांची वाट, जवळजवळ अबोल. नाझीधार्जिणे ख्रिस्ती तेव्हा ‘ज्यूंचा’ म्हणून जुना करारच हद्दपार करायला निघाले होते. आउअरबाखांनी तो थेट होमरच्या शेजारी, युरोपीय साहित्याच्या पायातच बसवला. तोही आरडाओरडा न करता. मला तरी हेच जास्त झोंबणारं वाटतं.