कर्नाटकातील नर्सिंग नोंदणी महाराष्ट्रात कशी आणावी?

आपण विचारले आहे की, जीएनएमचे (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी या डिप्लोमाचे) शिक्षण विजयपूरला झाले, नोंदणी कर्नाटकच्या नर्सिंग कौन्सिलकडे आहे, लग्नानंतर आपण सांगलीला राहायला आलात आणि येथील रुग्णालयाने महाराष्ट्राची नोंदणी असल्याशिवाय स्टाफ नर्स म्हणून नेमणूक देता येणार नाही असे सांगितले. तर ही नोंदणी ‘ट्रान्सफर’ कशी करायची, त्याला किती काळ लागतो आणि तोपर्यंत काम करता येते का. मी स्वतः बेळगावला जीएनएम केले, दोन वर्षे तिकडेच नोकरी केली आणि त्यानंतरची सगळी वर्षे मिरजेत काढली. सध्या इन्चार्ज सिस्टर असल्यामुळे नव्याने रुजू होणाऱ्या मुलींच्या फाइली माझ्याच टेबलावर येतात. त्यात सीमेपलीकडे शिकलेल्या मुली दरवर्षी असतात आणि त्यांची अडचण बहुतेक वेळा आपल्यासारखीच असते, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी की, बँकेचे खाते एका शाखेतून दुसऱ्या शाखेत जाते तशी नोंदणी एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यात नेली जात नाही. प्रत्येक राज्याच्या कौन्सिलची स्वतःची नोंदवही असते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आपले नाव स्वतःच्या नोंदवहीत नव्याने दाखल करून घेते आणि तसे करण्यापूर्वी आपण खरोखरच नोंदणीकृत आहात, नोंदणी चालू आहे आणि आपल्यावर कोणतीही कारवाई प्रलंबित नाही, याची खात्री कर्नाटकच्या कौन्सिलकडून करून घेते. कचेऱ्यांत यालाच ‘रेसिप्रोकल रजिस्ट्रेशन’ म्हणतात आणि फोन करताना हाच शब्द वापरला तर पुढचा माणूस योग्य टेबलाकडे पाठवतो. आपल्याला पुन्हा कोणतीही परीक्षा द्यायची नाही. भारतीय नर्सिंग परिषदेच्या १९४७ च्या कायद्यानुसार परिषदेने मान्य केलेली अर्हता कोणत्याही राज्याच्या नोंदवहीत नाव दाखल होण्यास पुरेशी मानली जाते, त्यामुळे ‘बाहेरच्या राज्याचा डिप्लोमा इकडे चालत नाही’ असे कोणी म्हटले तर घाबरू नका. प्रश्न असतो तो कागद जुळण्याचा.

रुग्णालय अडवणूक करते आहे असेही कृपया समजू नका. म्हैसाळ ओलांडले की कागवाड येते, अथणी आणि रायबागचे रुग्ण मिरजेलाच येतात, डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय सुरू केले तेव्हापासून मिरजेच्या वॉर्डांत मराठीइतकीच कानडी ऐकू येत आली आहे, आणि त्यामुळे आपल्या मनात सीमा अशी राहतच नाही. कायद्यात मात्र ती आहे. खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली होते आणि तपासणीच्या वेळी परिचारिकांची यादी नोंदणी क्रमांकांसह दाखवावी लागते. शासकीय भरतीच्या जाहिरातीतही महाराष्ट्राचीच नोंदणी मागितली जाते, म्हणजे उद्या आपण सिव्हिलच्या जागांसाठी अर्ज करणार असाल तरी हे काम टळणारे नाही.

आता नावाविषयी, कारण माझ्या पाहण्यात जितकी प्रकरणे अडकली त्यातली बहुसंख्य नावावर अडकली. महाराष्ट्रात शाळेच्या कागदांवर आडनाव, नाव आणि वडिलांचे नाव असा क्रम असतो. तिकडे अनेकदा नावापुढे वडिलांच्या नावाचे किंवा गावाचे केवळ आद्याक्षर असते, आडनाव कधी असते आणि कधी नसते. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, डिप्लोमावर दुसरे आणि आधार कार्डावर सासरचे तिसरे नाव असेल, तर तपासणाऱ्याने ही तिन्ही एकच व्यक्ती आहे हे कशावरून मानायचे? म्हणून अर्ज भरण्याच्या आधी एका संध्याकाळी सगळी प्रमाणपत्रे जमिनीवर ओळीने मांडा आणि प्रत्येकावरचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख अक्षर अन् अक्षर वाचून वहीत उतरवा. नावात एखादा ‘एच’ जास्त आहे इतकासा फरकही आपल्याला तेव्हा दिसेल आणि तो आपल्याला घरी दिसलेला बरा.

लग्नानंतरच्या नावाबाबत माझे मत स्पष्ट आहे. आधारवरचे नाव अजून बदललेले नसेल तर ही नोंदणी हातात येईपर्यंत ते बदलू नका. शैक्षणिक कागदांवरच्या माहेरच्या नावानेच महाराष्ट्रात नोंदणी करून घ्या, आणि नाव बदलायचेच असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातील प्रसिद्धी यांच्या आधारे ते नंतर स्वतंत्र अर्जाने बदला. दोन कामे एकाच अर्जात मिसळली की दोन्ही रखडतात. आधार आधीच बदलले असेल तर मात्र राजपत्राचा मार्ग आता लगेच धरावा लागेल. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागेल असे समजून काही मुली दोन-दोन महिने थांबल्या आणि शेवटी राजपत्रच करावे लागले, हे मी पाहिले आहे.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे. डिप्लोमा हाती आला त्या आठवड्यात मी तो कौतुकाने लॅमिनेट करून आणला. नोंदणीसाठी मूळ कागद दाखवायची वेळ आली तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी तो हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि जिथे उठावाचा शिक्का होता तिथे अंगठा फिरवला. प्लास्टिकखाली शिक्का सपाट झाला होता, बोटाला काहीच लागत नव्हते आणि मागच्या बाजूला शेरा लिहायलाही जागा राहिली नव्हती. त्यांचे म्हणणे बरोबरच होते. मला दुय्यम प्रतीसाठी पुन्हा परीक्षा मंडळाकडे अर्ज करावा लागला आणि त्यात आठ आठवडे गेले. आपले कागद अजून मोकळे असतील तर ते साध्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, त्यांना भोके पाडू नका आणि झेरॉक्स काढणाऱ्याच्या हाती मूळ प्रती सोडून दुसऱ्या कामाला जाऊ नका.

कर्नाटककडील काम आधी करायचे असते. तेथील नोंदणीची मुदत संपली असेल तर प्रथम नूतनीकरण करा, कारण मुदतबाह्य नोंदणीवर ना-हरकत प्रमाणपत्र (एनओसी) मिळत नाही. नूतनीकरण दर पाच वर्षांनी असते आणि भारतीय नर्सिंग परिषदेने त्याला सतत शिक्षणाचे १५० तास जोडलेले आहेत, म्हणून कार्यशाळांची प्रमाणपत्रे कपाटात पडली असतील ती याच वेळी बाहेर काढा. त्यानंतर ‘महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीसाठी’ असा स्पष्ट उल्लेख करून एनओसी आणि व्हेरिफिकेशन मागा. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत: एनओसी हे आपल्याला मिळणारे पत्र असते, तर व्हेरिफिकेशन एका कौन्सिलकडून दुसऱ्या कौन्सिलकडे परस्पर जाते आणि आपण ते हातात घेऊन जाण्याचा आग्रह धरल्यास उलट शंका येते. अर्ज करतानाच आणखी एक गोष्ट लेखी विचारून घ्या: एनओसी दिल्यावर आपले नाव तेथील नोंदवहीतून कमी होणार आहे का, आणि होणार असेल तर कोणत्या तारखेपासून? नवा क्रमांक हाती येण्याआधी जुने नाव कमी झाले तर मधल्या काळात आपण कुठल्याच नोंदवहीत नसता, आणि ही स्थिती कोणत्याही परिचारिकेने स्वतःवर ओढवून घेऊ नये. त्याच कारणाने एनओसी फार लवकरही काढू नका. कागद तयार झाले, नाव जुळले, मग ती मागवा.

विद्यालयाकडून ट्रान्सक्रिप्ट घ्यायला विसरू नका, ज्यात प्रत्येक विषयाचे थिअरीचे आणि प्रत्यक्ष वॉर्डमधील कामाचे तास लिहिलेले असतात. जीएनएमचा अभ्यासक्रम काही काळ साडेतीन वर्षांचा होता आणि नंतर तो तीन वर्षांचा झाला, त्यामुळे आपली तुकडी कोणत्या अभ्यासक्रमाची हे ट्रान्सक्रिप्टवरून कळले पाहिजे. आपण शिकत असताना आपले विद्यालय भारतीय नर्सिंग परिषदेच्या यादीत होते याचा पुरावाही तिथूनच मिळवा. प्रवेशाच्या वर्षाची यादी महत्त्वाची असते, आजची नव्हे. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरूला जाणे सोपे आहे म्हणून मुली उठून तिकडे जातात, पण तिथल्या कचेरीत विद्यालयाचाच कागद कमी निघाला की तशाच परत येतात. म्हणून आधी विद्यालय, मग परीक्षा मंडळाचे कागद आणि मग कौन्सिल, हा क्रम मोडू नका.

महाराष्ट्राचा अर्ज त्या मानाने सरळ आहे. तो ऑनलाइन भरावा लागतो आणि त्याला दहावी-बारावीची प्रमाणपत्रे, तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, डिप्लोमा, मूळ नोंदणी प्रमाणपत्र, एनओसी, आधार आणि छायाचित्र जोडावे लागते. जीएनएमला नर्स आणि मिडवाइफ अशा दोन्ही नोंदी असतात, त्या दोन्हींचे कागद जोडा. एकच जोडून दुसरीसाठी वर्षभराने पुन्हा फेरा घातलेली एक मुलगी आमच्याच लेबर रूममध्ये आहे. केवळ कानडीत असलेला कोणताही दाखला प्रमाणित भाषांतरासह द्या. शुल्क त्या दिवशी संकेतस्थळावर दिसेल तेच भरा आणि पावती छापून ठेवा. परिषदेच्या राष्ट्रीय नोंदणी प्रणालीतील आपला एनयूआयडी क्रमांक असेल तर तो लिहा. राज्य बदलले तरी तो क्रमांक बदलत नाही. नसेल तर तो काढून घ्या, आणि तो आधारशी जोडलेला असल्यामुळे नावाबद्दल वर जे लिहिले ते इथेही लागू आहे.

किती काळ लागतो, याचे उत्तर मी आठवड्यांत देणार नाही. माझे काम साडेचार महिन्यांत झाले, त्यात दोन महिने माझ्याच लॅमिनेशनचे होते. सर्वांत जास्त वेळ दोन कौन्सिलमधल्या पत्रव्यवहारात जातो. दर पंधरा दिवसांनी दोन्हीकडे ईमेल करून अर्ज क्रमांक देऊन विचारणा करा आणि कर्नाटककडून पत्र गेल्याचा जावक क्रमांक मिळाला की तो महाराष्ट्राच्या कौन्सिलला कळवा. हा जावक क्रमांक ज्यांनी मिळवला त्यांची फाइल लवकर सापडली, हा माझा अनुभव आहे.

आणि आता आपला सर्वांत नाजूक प्रश्न: तोपर्यंत काम करावे का? नियम असा आहे की महाराष्ट्रात परिचारिका म्हणून काम करायचे तर महाराष्ट्राच्या नोंदवहीत नाव हवे. काही ठिकाणी ‘अर्ज केला आहे ना, मग या’ असे म्हणून घेतात आणि पगारही कमी देतात. मी आपल्याला मोठ्या बहिणीच्या नात्याने सांगते की, नोंदणीकृत परिचारिका म्हणून सही करावी लागेल असे काम या काळात स्वीकारू नका. रात्रपाळीत एकटीने वॉर्ड सांभाळणे, मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली, रक्त चढवताना दुसरी सही, हे सारे त्यात येते. एखादी दुर्घटना होऊन पोलीस पंचनामा झाला, तर पहिला प्रश्न नोंदणी क्रमांकाचा विचारला जातो, आणि ‘अर्ज प्रलंबित आहे’ हे उत्तर आपल्याला वाचवत नाही. रुग्णालयाला आपण हव्या असाल तर अर्जाची पावती देऊन, नेमणूक नोंदणीच्या अधीन आहे असे पत्र मागा आणि तोपर्यंत प्रशिक्षणार्थी म्हणून, देखरेखीखाली, पदनाम लेखी घेऊनच काम करा. दुसऱ्या सिस्टरच्या क्रमांकावर सही करायला कोणी सांगितले तर ती नोकरी त्याच दिवशी सोडा. मी हे कळकळीने लिहीत आहे, कारण अशा एका सहीमुळे एका चांगल्या मुलीला दोन वर्षे चौकशीला तोंड द्यावे लागलेले मी जवळून पाहिले आहे.

एजंटांबद्दल थोडक्यात लिहिते. ‘पंधरा दिवसांत नंबर काढून देतो’ म्हणणारा माणूस आपले मूळ कागद मागतो. ते देऊ नका. पडताळणी दोन कौन्सिलमध्ये परस्पर होत असल्याने त्यात मधल्या माणसाला करण्यासारखे काही नसते, आणि बनावट क्रमांक पहिल्याच पडताळणीत उघडा पडतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा झाला असून १९४७ च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय आयोग आणि राज्य आयोग येण्याची तरतूद त्यात आहे. म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी दोन्ही कौन्सिलच्या संकेतस्थळांवरील सूचना पुन्हा वाचा आणि कोणाच्या जुन्या अनुभवावर, माझ्याही, डोळे झाकून विसंबू नका.

नवा क्रमांक मिळाल्यावर प्रमाणपत्रावरचे नाव आणि जन्मतारीख त्याच दिवशी तपासा, कारण चूक असेल तर ती ताजी असताना सुधारून घेणे सोपे जाते. रुग्णालयाच्या मनुष्यबळ विभागाला प्रत देऊन पोच घ्या, जुन्या नोंदणीचे काय झाले याचे पत्र त्याच फाइलीत लावा आणि पुढच्या नूतनीकरणाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. विजयपूरच्या विद्यालयातून ट्रान्सक्रिप्ट मागवण्यासाठी कानडीतून अर्ज लिहून हवा असेल तर येथेच कळवा, मी मसुदा देईन.